सुनंदाताईंचा वाकडा रस्ता

आमच्या शेजारच्या सुनंदाताईंना सरळ पळताच येत नाय, असं मला त्यांच्यासोबत सकाळी पळायला गेले त्या पहिल्या दिवशी वाटलं, खरं सांगते. उस्मानपुऱ्यातला चांगला मेन रोड सोडून त्या मला गल्लीबोळांतून पळवत होत्या.

"ताई, असं वाकडंतिकडं कशाला?"

"कळंल तुला."

कळलंच. मला एकदम जोराची लागली. समोर शौचालय होतं, पण बायकांच्या बाजूला भलंमोठं कुलूप. ताई थांबल्या बी नाय. पुढच्या वळणावर त्यांनी एक हिरवं गेट ढकललं. आतून एका आजींचा आवाज आला, "कडी काढलेलीच हाय, जा!"

बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "ह्या आजी कोण तुमच्या?"

"कुणी नाय गं. एकदा अशीच अडचण झाली, तेव्हा बेल वाजवली होती. शहागंजपर्यंत अशी घरं जोडलीत मी. त्यांच्याच दारावरून पळते."

तेवढ्यात आजी दारात आल्या.

"सुनंदा, उद्या मी लेकीकडं चालले आठ दिवस. घराची चावी जास्वंदीच्या कुंडीखाली ठेवते. ह्या पोरीला बी दाखवून ठेव."