फुकटची जागा

ग्लेनिस : आधी चहा घे, कर्स्टन. हाकलायलाच आली आहेस, तर चहा पिऊन हाकल.

कर्स्टन : नको, ग्लेनिसबाई. ही माझी तिसरी खेप. मागच्या दोन्ही वेळा तुमचा तंबू मला दिसलाच नाही, असं मी वनखात्याच्या वहीत लिहिलं. पण परवा आमचे साहेब होडीतून इकडून गेले. त्यांना दिसला.

रॉस : हिरवा घेऊ म्हणत होतो मी दुकानात. हिला निळाच हवा होता.

ग्लेनिस : तू गप रे. कर्स्टन, सात महिने झाले आम्हाला या नदीकाठी. कुणाला काही त्रास दिलाय का? इथला संडाससुद्धा मीच धुते. तुमचा माणूस महिन्यातून एकदा उगवतो.

कर्स्टन : मला माहीत नाही का? पण एक तारखेपासून हा काठ फुकटचा राहिला नाही. आता रात्रीमागे पैसे, तेही आधी फोनवरून जागा धरून.

रॉस : इथं फोन लागतो कुठं?

कर्स्टन : टेकडीवर लागतो.

रॉस : म्हणजे टेकडी चढायची, आम्ही खाली राहतो असं कळवायचं, नि परत खाली यायचं. कुणाच्या डोक्यातून निघालं हे?

कर्स्टन : माझ्या नाही, रॉस. मला नुसती पाटी ठोकायला सांगितली.

ग्लेनिस : पोरी, रोज रात्रीचे पैसे द्यायला असते, तर घरातच नसतो का राहिलो? तेवीस वर्षं भाडं भरलं, एक दिवस इकडचा तिकडं नाही. मालकानं घर विकलं आणि म्हणाला, दोन महिन्यांत निघा. त्याच्या आईच्या शेवटच्या आजारात सूप नेऊन देत होते मी.

कर्स्टन : गावाबाहेरच्या कॅरव्हॅन पार्कात, त्या भाड्याच्या चाकांवरच्या घरांत, विचारलंत?

ग्लेनिस : तिथं फळं तोडणारी पोरं भरलीत. तोडणी संपेपर्यंत एक कोपरा रिकामा नाही. सरकारी घराच्या यादीत नाव घातलंय. तिथली बाई म्हणाली, धीर धरा, काही वर्षं लागतील.

रॉस : वर्षं! मला हसूच आलं. ती बिचारी चिडली माझ्यावर.

कर्स्टन : फुकटच्या जागा अजून आहेत. डोंगरापलीकडं, लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटेवर. नव्वद किलोमीटर पडतात, शेवटचे तीस कच्चे. तिथं कुणी पैसे मागत नाही.

ग्लेनिस : आहे ती माझ्या वहीत, फुकटच्या जागा टिपून ठेवते त्यात. ‘पाणी ओढ्याचं, उकळून. संडास नाही. पावसात वाट बंद.’ अगं, इथून हॉस्पिटल वीस मिनिटांवर आहे, म्हणून आम्ही इथं चिकटून आहोत. सोमवार, बुधवार, शुक्रवार याला डायलिसिसला न्यावं लागतं.

कर्स्टन : तुम्ही कधी बोलला नाहीत.

रॉस : तू तंबू बघायला येतेस. माझं रक्त बघायला थोडीच येतेस?

कर्स्टन : ऐका. एका आठवड्याचे पैसे मी भरते. माझ्या नावावर जागा धरते.

रॉस : नको.

ग्लेनिस : रॉस!

रॉस : नको म्हटलं ना. आठवडा संपला की पुन्हा हिलाच यावं लागणार. आत्ता निदान आपल्याकडं बघून बोलतेय तरी.

कर्स्टन : संध्याकाळपर्यंत उठलात तर दंडाचा कागद मी फाडणार नाही. एवढंच आहे माझ्या हातात. मला खरंच...

ग्लेनिस : राहू दे. तू नाहीस तर दुसरं कुणीतरी आलं असतं. रॉस, ते टोक धर तंबूचं. नाहीतर राहू दे, तू बसून राहा. मी काढते.

(त्याच दिवशी, शनिवारी, दुपार कलताना. डोंगरापलीकडं, ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत.)

रॉस : जागा झकास आहे की गं. केवढी झाडं! सावली बघ.

ग्लेनिस : दोन तास चाळीस मिनिटं लागली.

रॉस : तू दर वळणाला थांबत होतीस.

ग्लेनिस : तू दर वळणाला ओकत होतास म्हणून. सोमवारी पहाटे चारला निघू. सातला तुला यंत्रावर बसवलं की...

रॉस : घोटभर पाणी दे.

ग्लेनिस : घोटभरच हं. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं आजचं पाणी जवळजवळ संपलंय तुझं.

रॉस : ओढा समोर वाहतोय आणि मी मोजून पितोय. ग्लेन, हे बघ. तीन तास जायचं, पाच तास यंत्र, तीन तास यायचं. एक दिवस पडून राहायचं की पुन्हा तेच. आणि गाडी चालवणार तू. पहाटेच्या अंधारात तुला समोरचा कांगारू दिसत नाही.

ग्लेनिस : दिसतो.

रॉस : काल यंत्रावर असताना सिस्टर मोइराला विचारलं मी.

ग्लेनिस : काय?

रॉस : बंद केलं तर किती दिवस.

ग्लेनिस : काल? काल तर आपल्याला कुणी उठवलं नव्हतं.

रॉस : उठवणार हे दिसत होतं की.

ग्लेनिस : काय म्हणाली?

रॉस : आठवडा, फार तर दोन. त्रास होऊ नये म्हणून औषध देतात. झोप वाढत जाते म्हणाली. आधी डॉक्टरांशी बोला, बायकोशी बोला, असंही म्हणाली. म्हणून बोलतोय.

ग्लेनिस : ही काय बोलायची रीत झाली? गाडीतून सामानसुद्धा उतरवलं नाही अजून.

रॉस : सरकारी घराच्या यादीवाल्या बाईलाही फोन केला होता. एकटी बाई असली तर घर जरा लवकर मिळतं, म्हणाली.

ग्लेनिस : थोबाडीत देईन मी तुझ्या.

रॉस : दे.

ग्लेनिस : बेचाळीस वर्षं, रॉस. कुणाला विचारून तू माझं एकटीचं घर मागायला गेलास?

रॉस : रडू नको.

ग्लेनिस : मी पर्थला जेनाला कळवते.

रॉस : काय कळवणार? आईबाप देश बघत हिंडतायत, असं ती मैत्रिणींना सांगते. तिच्या एका खोलीत तीन पोरं झोपतात.

ग्लेनिस : सोमवारी तू गाडीत बसणार आहेस. मी उचलून बसवीन.

रॉस : बरं.

ग्लेनिस : बरं म्हणू नको नुसतं.

रॉस : सोमवारी बसेन. बुधवारचं मला विचारू नको.

ग्लेनिस : (गाडीतून सामान उतरवू लागते.)

रॉस : ये, बस जरा. निदान इथं पैसे मागायला कुणी येणार नाही.

ग्लेनिस : नाही. इथं कुणीच येणार नाही, रॉस.