सातजणींचं उद्यापन

या, या शीतलताई — चपला राहू द्या तिथंच, पायात यायला इथं दुसरं हाये कोण? बसा. हे सात पाट? अहो, आज माझ्या लक्ष्मीच्या शुक्रवारांचं उद्यापन न. अकरा शुक्रवार झाले, की सात सवाष्णी बोलवायच्या, हळदीकुंकू लावायचं, खीरपुरी जेवू घालायची. परवा घरोघर फिरून सांगून आले. रुख्मिणीबाई म्हणाल्या, "येते की गं पद्मा!" — आन् आता दिवेलागण झाली, त्यांच्या दाराला आतून कडी. तुमी विहारात जाणाऱ्या, तुमच्यात हे न्हाई, म्हाईत हाये मला. कुंकू लावीन म्हणून भिऊ नका. नुसत्या जेवा.

काहून येतील त्या तरी? माझी जाऊ समद्या गल्लीत सांगते — पद्माकडं हळदीकुंकवाला जाताना बांगड्या घरी काढून ठेवा गं! खोटं थोडंच हाये? मोबाइल घेतला पुजाच्या अभ्यासासाठी. पोरगी शाळेत, हे दिवसभर मोंढ्यात हळदीच्या काट्यावर, घरात मी आन् भिंती. मोबाइलवरच्या त्या पैशांच्या रम्मीत आपण पत्ता टाकला की पलीकडून कुणीतरी टाकतं — कोण ते म्हाईत न्हाई, पण हाये कुणीतरी. पहिल्यांदा जिंकले तो शुक्रवार होता. मला वाटलं, लक्ष्मी पावली! मग उपास धरून खेळू लागले. हारले की वाटायचं उपासातच चुकलं — कहाणी वाचताना जांभई आली म्हणून, पोथीला डावा हात लागला म्हणून. मग पुढचा शुक्रवार अजून कडक. हसा, हसा. हसण्यासारखंच हाये.

आन् मग खेळापायी देव्हाऱ्यातले देवांचे टाक गेले. चांदीचे, सासूच्या सासूपासूनचे. जागा रिकामी दिसू नये म्हणून मी तिथं झेंडूची रास करून ठेवायची. तीन महिने फुलांना हात जोडले, ताई. दसऱ्याला सासूबाई टाक उजळायला बसल्या, चिंच कालवून घेतली, फुलं बाजूला सारली — आन् बघतच राहिल्या. चिंचेची वाटी तेवढी माझ्याकडं सरकवली. तवापासून ह्यांचा माझ्याशी अबोला. मी समोर ताट घेऊन उभी, आन् हे पुजाला म्हणतात, "तुझ्या आईला म्हण, भाकर वाढ."

जुगार सोडणाऱ्यांच्या मंगळवारच्या बैठकीला पहिल्यांदा आले तवा समदे गडीच दिसले. ते उकंडराव म्हणाले, "वहिनी, तुमी काहून आल्या? मालकाला धाडा की." मी परतच निघाले होते. आन् मागून तुमी बोललात — पत्ते काय बाई-गडी बघून चिकटतात व्हय हो उकंडराव? त्या दिशी घरी येऊन पोटभर जेवले मी. कितीक महिन्यांनी.

अं? न्हाई, न्हाई खेळले. चार महिने झाले. फोन? तो... पुजा मामाकडं गेली न सिद्धेश्वरला, तिचा फोन येईल म्हणून पदराखाली... असं बघू नका ताई. बरं. तुमाला खोटं न्हाई सांगत. सकाळी पूजेत मी देवीला म्हणाले — सातजणी आल्या तर तू माफ केलंस. न्हाई आल्या तर मी मोकळी. मोकळी म्हंजे — व्हय, तेच, परत खेळायला. दुपारपासून दाराकडं बघून राहिले. शेवटी खेळ परत घेतला फोनवर. उघडणारच, तेवढ्यात तुमी कडी वाजवली.

व्रत न्हवंच ते, ताई. डाव लावला मी. देवीवरच लावला.

मग तुमाला सातात धरू का? एकजण तरी आली, असं... न्हाई? धरायचंच न्हाई, मोजायचंच न्हाई, म्हणता. तुमी कौल म्हणून आल्या न्हाईत, मंगळवारी बैठकीत माझा चेहरा बरा दिसला न्हाई म्हणून आल्या. एवढंच? एवढ्यासाठी कुणी येतं व्हय?

हे बघा, हा खेळ. ह्याच्यावर बोट दाबून धरलं की जातो. न्हाई, तुमी नका दाबू. मलाच दाबू द्या. थांबा.

गेला.

आता काही बोलू नका, ताई. नुसत्या बसा.