किती मागे जाते

एक : जाळीच्या पाठीची

मुलगी : ...आणि ही मागे किती जाते?

दुकानदार : जाते ना ताई, थोडी जाते. हा खालचा दांडा ओढायचा. ऑफिसच्या खुर्चीला तेवढं पुरतं.

मुलगी : थोडी म्हणजे?

दुकानदार : म्हणजे आळस देण्यापुरती.

बाबा : शेठ, तिला आधी टेबलाची उंची विचारा. मग मागचं-पुढचं.

मुलगी : टेबलाचं मी बघून आलेय, बाबा.

बाबा : किती आहे?

मुलगी : असेल नेहमीएवढी.

बाबा : असेल? पलंगापासून कपाटापर्यंत चव्वेचाळीस इंच, हे मोबाइलवर लिहून आणलंस. आणि ज्या टेबलाशी बसायचं त्याची उंची ‘असेल’?

मुलगी : भाड्याची एक खोली आहे. खुर्ची मावायला नको?

दुकानदार : काका खुर्चीतले दिसतात.

बाबा : एकतीस वर्षं कुशनचं काम केलंय. बसच्या सीटा, दवाखान्यातली बाकं, साहेबलोकांच्या खुर्च्या. अंगठ्याने दाबून बघतोय, राग मानू नका.

दुकानदार : दाबा की. आमचा फोम एक नंबर आहे.

बाबा : एक नंबरचा फोम दाबून सोडला की लगेच वर येतो. हा अजून विचार करतोय.

दुकानदार : ती काळी बघा मग. वरच्या किमतीतली आहे.

दोन : काळी

मुलगी : हिचा आवाज होतो का?

दुकानदार : कसला आवाज?

मुलगी : कुरकुर. मागे रेलून अंग हलवलं की.

दुकानदार : कधी लक्ष नाही दिलं ताई. दिवसभर इथे रस्त्यावरच्या गाड्या ऐकतो आम्ही. बसून बघा ना.

बाबा : आवाज ऐकायला घरात असतं कोण? तू घरून काम करतेस त्या दिवशी जावई तर बाहेर.

मुलगी : फोन असतात ना कामाचे. विमा भरणाऱ्यांशी बोलावं लागतं.

बाबा : विमा भरणाऱ्यांशी मागे रेलून, अंग हलवत बोलतेस?

मुलगी : तुम्ही खुर्ची बघायला आलात की मला?

बाबा : खरं सांगू? तुझ्या आईने तुला बघायलाच पाठवलंय. खुर्चीचं निमित्त तू दिलंस, ते बरं झालं. गेल्या महिन्यात ती दुपारभर तुमच्याकडे येऊन गेली ना, तेव्हापासून डोकं खातेय माझं. काहीतरी बिनसलंय म्हणते. दोघं एकमेकांशी फार नीट बोलतात म्हणे.

मुलगी : नीट बोलणं वाईट?

बाबा : तू पाण्याचा ग्लास दिलास, तर तो थँक्यू म्हणाला. सहा वर्षं झालीत लग्नाला.

मुलगी : चांगली सवय आहे.

बाबा : मीही तेच म्हणालो. तर म्हणाली, तुम्हाला काही कळत नाही, तुम्ही नुसते फोम दाबत बसा.

दुकानदार : चपला नका काढू ताई, चालतं आपल्याकडे.

मुलगी : असू दे. काढूनच बघते.

बाबा : शेठ, बघताय ना ती काय करतेय?

दुकानदार : बसल्यात.

बाबा : डोळे मिटून बसलीय. आणि आता कुशीला वळली. तुमची किती गिऱ्हाइकं खुर्चीत कुशीला वळून बघतात?

दुकानदार : ज्याची त्याची पद्धत काका. घरून काम करणारे तर मांडी घालून बसतात. मी आतून अजून एक आणतो, तिचं प्लास्टिक काढायचंय.

मध्येच : फोन

(पलीकडे आई. तिचं बोलणं इकडे ऐकू येत नाही.)

बाबा : हं, बोल.

बाबा : दुकानात. बघतोय.

बाबा : दोन्ही बघतोय. खुर्ची आणि तुझी लेक.

बाबा : चेहरा ठीक आहे. जरा उतरलाय.

बाबा : ते मी कसं विचारू? ते तू विचार.

बाबा : अगं, मागे रेलायची खुर्ची हवी म्हणाली, एवढ्यावरून तू बारसं कुठे करायला निघालीस?

बाबा : नाही, ओकाऱ्या-बिकाऱ्या काही नाहीत.

बाबा : ठेवतो. ती बघतेय इकडे.

तीन : अजून आतच आहे

मुलगी : आईचा होता?

बाबा : राँग नंबर.

मुलगी : तीन मिनिटं?

बाबा : बोलकी बाई होती.

मुलगी : काय विचारत होती ही बोलकी बाई?

बाबा : शेठ आत आहे तोवर मीच विचारतो. नोकरी गेली का कुणाची?

मुलगी : नाही.

बाबा : जावयाची?

मुलगी : दोघांचीही आहे.

बाबा : मग तुला बरं नाहीये.

मुलगी : पित्त आहे. डॉक्टर म्हणाले, सपाट झोपू नका, डोकं उंच ठेवा.

बाबा : डोकं उंच ठेवायला उशी मिळते.

मुलगी : उशीने मान धरते.

बाबा : म्हणजे तू या खुर्चीत झोपणार आहेस, एवढं कबूल.

मुलगी : असं मी कुठे म्हटलं?

बाबा : हे बघ पोरी. बसून काम करणारं माणूस पुढे वाकतं. मी जेवढ्या म्हणून ऑफिसच्या खुर्च्या उसवल्या, त्या सगळ्या पुढच्या कडेला दबलेल्या. तू मघापासून पुढचं एक अक्षर विचारलं नाहीस. टेबलाखाली जाते का? नाही विचारलंस. हात वर-खाली होतात का? नाही. मागे किती जाते आणि कुरकुरते का, एवढंच. ही कामाची खुर्ची नाही.

मुलगी : तो घोरतो.

बाबा : मघाशी पित्त होतं.

मुलगी : दोन्ही आहे.

बाबा : माणूस सहा वर्षांनी अचानक घोरायला लागत नाही.

मुलगी : हळू बोला ना.

बाबा : हळूच बोलतोय.

मुलगी : नाही घोरत तो.

बाबा : मग?

मुलगी : आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय.

बाबा : कधी?

मुलगी : ठरवलं कधी, की व्हायचं कधी?

बाबा : दोन्ही सांग.

मुलगी : ठरवून तीन महिने झाले. व्हायला जागा मिळायला हवी. तो रोज शोधतो. जोडप्याला देतात, एकट्याला देत नाहीत. लग्न झालंय म्हटलं की विचारतात, मग बायको कुठंय? मला विचारतात, नवरा कुठंय? आताच्या खोलीचा करार अजून सात महिने आहे. तोवर एक खोली, एक ओटा, एक पलंग.

बाबा : हात उचलला त्याने?

मुलगी : छे.

बाबा : दुसरी कुणी?

मुलगी : नाही.

बाबा : तुझ्या बाजूने?

मुलगी : बाबा.

बाबा : विचारायला नको? घरी गेल्यावर मला हेच तीन प्रश्न येणार आहेत.

मुलगी : तिन्हींची उत्तरं नाही अशीच आहेत. तुम्हाला कुणीतरी गुन्हेगार हवाय, तो नाहीये. एका रविवारी तो म्हणाला, आपण हल्ली भांडतसुद्धा नाही. आणि मला इतकं हलकं वाटलं, की त्याने बोलून टाकलं. नंतर दोघांनी मिळून भांडी घासली.

बाबा : पलंगावरची गादी मीच भरली होती.

मुलगी : गादी चांगली आहे बाबा. गादीचा काही दोष नाही.

बाबा : घरी ये तू.

मुलगी : तिथून कामाला दोन तास लागतात. शिवाय आई सकाळ-संध्याकाळ माझं तोंड वाचत बसेल. त्याचं काय आहे आणि माझं काय आहे हे आमचं आम्हाला नीट कळेपर्यंत मला कुणाला काही सांगायचं नव्हतं. निदान दोघांची वेगळी दारं होईपर्यंत.

बाबा : मग खाली अंथरूण घाला.

मुलगी : तेच चाललंय. आठवडा-आठवडा पाळी लावलीय. एक आठवडा पलंग माझा, एक आठवडा त्याचा. पण खाली झोपलेलं माणूस उठल्याशिवाय बाथरूमचं दार उघडत नाही. आणि फरशीला ओल आहे. त्याची पाठ धरली, मग माझी.

बाबा : घडीची खाट मिळते की.

मुलगी : खाट आणली तर येणारं प्रत्येक माणूस विचारणार, ही कुणाला? शेजारीण विचारणार, घरमालकीण विचारणार, आई तर विचारणारच. ऑफिसच्या खुर्चीला कुणी काही विचारत नाही.

बाबा : मी विचारलं.

मुलगी : तुम्हाला आणायलाच नको होतं.

बाबा : मग का आणलंस?

मुलगी : मला फोम कळत नाही.

तीन : बाहेर आली

दुकानदार : घ्या. हिला डोक्याला टेकण आहे, पायाखाली पाट निघतो, आणि मागे म्हणाल तर जवळजवळ आडवी. पण घेणार आहात ना? नाही, मघापासून कुजबुज चाललीय तुमची. मला वाटलं, दुसऱ्या दुकानात जायचं ठरतंय.

बाबा : जरा बाजूला व्हा. आधी मी बसतो.

दुकानदार : बसा ना. तुम्हाला हवीय का काका?

बाबा : बोलू नका दोन मिनिटं. ऐकू द्या.

दुकानदार : काय ऐकू द्या?

मुलगी : थांबा जरा. त्यांना ऐकू दे.

बाबा : नाही कुरकुरत. कुशीला वळलं तरी नाही.

दुकानदार : बघा. म्हटलं नव्हतं? बसणार कोण पण? ताईच ना?

मुलगी : हो. मीच.

बाबा : जावयाची उंची किती?

मुलगी : बाबा, कशाला आता?

बाबा : विचारतोय तेवढं सांग.

मुलगी : पाच दहा.

बाबा : म्हणजे त्याच्या मानेला हे टेकण बरोबर येईल. तुझ्या डोक्याच्या वर राहील. शेठ, हे टेकण खाली सरकतं?

दुकानदार : ते पक्कं असतं काका. सरकत नाही.

मुलगी : मग राहू दे. दुसरी बघू.

बाबा : हीच घ्यायची. शेठ, पावती करा. घरपोच द्या, आणि पोचवणाऱ्याला सांगा, आत नेताना पलंगाला घासायची नाही.

दुकानदार : करतो की. नाव-पत्ता सांगा ताई.

मुलगी : आले, एक मिनिट. बाबा, आईला काय सांगणार?

बाबा : मी खुर्ची बघायला आलो होतो. खुर्ची चांगली आहे. बाकीचं तुझं तू सांगशील, तुला जमेल तेव्हा.

मुलगी : ती विचारून विचारून काढून घेईल तुमच्याकडून.

बाबा : मला काही कळत नाही, हे तिनेच ठरवलंय ना? त्याचा कधीतरी उपयोग होऊ दे.

मुलगी : आणि माझ्या मानेचं?

बाबा : छोटी उशी शिवून देतो. मागून पट्टा लावून. तुझ्या आठवड्यात बांधायची, त्याच्या आठवड्यात सोडून ठेवायची.