हैबती गुरवाचं नाक

मंडळी, एक विचारतो. मदतीला आलेला धनी कधी होऊन बसतो? हात वर करू नका! आधी ऐका.

भैरोबाच्या देवळात हैबती गुरव सनई वाजवायचा. गालात वारा साठवायचा, तोंडानं सोडता सोडता नाकानं नवा ओढायचा – सूर तुटायचाच नाही! यात्रेला पालखीच्या पाच फेऱ्या. सनई थांबली की भोयांनी जागच्या जागी थांबायचं, ही रीत. तीन पिढ्यांत पालखी थांबली नव्हती.

अन् यात्रा तीन आठवड्यांवर आली, तोच हैबतीला पडसं! शिंक अशी, की पलीकडच्या आळीतली कोंबडी दचकून अंडं घालायची! हसता काय? मी पाहिलंय ते अंडं. खाल्लं नाही हो, गळ्यात माळ आहे!

औषधाच्या दुकानात नाकात घालायचे थेंब मिळाले. दुकानदार म्हणाला, "तीनच दिवस. पुढं नाही."

दोन थेंब – नाक मोकळं! पण तीन दिवसांचे तेरा झाले. सकाळचे थेंब दुपारी पुरेनात. बायको अनसूया म्हणाली, "अहो, पडसं कधीच गेलं! आता चोंदतंय ते ह्या थेंबांनीच!"

"गप बैस! नाक मिटलं तर पालखी कोण चालवील?"

डॉक्टरीणबाईंनी बत्ती मारून पाहिलं. "आतून सुजलंय. हे थेंब बंद! मिठाच्या पाण्याचे देते, ते घाला. आठवडाभर कळ काढा."

आठवडा? यात्रा चार दिवसांवर!

चार दिवस हैबती तोंड वासून झोपला. यात्रेच्या सकाळी जुनी बाटली हातात. "एकदाच गं!"

अनसूयेनं हिसकावली नाही. म्हणाली, "घाला. पण उद्याही तुम्ही 'एकदाच' म्हणाल."

ठेवली त्यानं बाटली खाली! पालखी उठली. एक फेरी, दोन, तीन... एकच नाकपुडी चालतेय, डोळ्यांपुढं काजवे! चौथ्या फेरीला तीही मिटली. गाल रिकामे. सूर तुटला!

पालखी थांबली. हैबतीला वाटलं, धरणीनं गिळावं.

तेवढ्यात म्हातारा भोई खेकसला, "घे की हैबत्या, तोंडानं दम घे! देव काय पळून चाललाय?"

हैबतीनं सगळ्यांदेखत आ वासला. पोटभर श्वास घेतला. सनई लागली, पालखी हलली!

मंडळी, देव एका श्वासापुरता थांबला. तुम्हांलाच थांबायची भीती! आजच्यापुरतं म्हणून काय काय धरून बसलात? अहो काका, खिशातल्या तंबाखूच्या डबीवरचा हात काढा! सुटताना दम कोंडेल. चारचौघांत आ वासावा लागेल. लाज वाटेल. वाटू दे – श्वास घ्या!