सरूबाईच्या घागरीतल्या विटा

मंडळी, बायांनो, सरूबाईसाठी सगळा गाव पारावर जमला. बघून बरं वाटलं, आन् रागही आला. मी तिची धाकटी जाऊ. थोरल्यांपुढं पदर घेऊन बोलते, पण बोलते.

आपल्या आडाचं पाणी निवळशंख, चवीला गोड. त्याच पाण्यानं लेकरांचे दात डागाळले. माझे थोरले दीर, सरूबाईचे मालक, तिथं बसलेत बघा. ह्याच पाण्यानं त्यांची मान आखडली, मागं बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. आपण म्हणलो, देवाचा कोप. सरूबाई म्हणली, "देवाला कशाला मधी आणता? पाणी बघा."

मालकांना घेऊन ती परतूरच्या दवाखान्यात गेल्ती. डॉक्टरसाहेब म्हणले, खडकातलं काहीतरी पाण्यात उतरतंय, डोळ्याला दिसत न्हाई. भाजल्या विटेचे तुकडे ते धरून ठेवतात, करून बघा. तिनं भट्टीवरच्या तांबड्या विटा आणल्या, फोडल्या, धुतल्या. बुडाला बारीक भोक पाडलेल्या घागरीत भरल्या. त्यातून थेंब थेंब पाणी गाळलं. तुम्ही हसलात. "सरूबाई विटांचं कालवण करून राह्यली!" हसलात का न्हाई?

मंग तिच्या नातवाचे दुधाचे दात पडले, नवे पांढरेशुभ्र आले. जल्दी जल्दी घरोघर घागरी लागल्या. आन् आपण काय केलं? घागरीला हळदकुंकू लावलं. देवी म्हणलं. आता देवीच्या पोटातल्या विटा कोण उपसणार? ती दारोदार सांगत फिरली, "अगं बायांनो, वीट जुनी झाली की काहीच धरत न्हाई. फेका, नव्या भरा!" कुणी ऐकलं? पुन्हा लेकरांचे दात डागाळले. तवा तिनं ह्याच पारावर, पूजेला मांडलेली घागर दोन्ही हातांनी उचलून आपटली.

देवी फोडली म्हणून तुम्ही तिला हळदीकुंकवाला बोलवणं बंद केलं. मी रडले. ती म्हणली, "मला नका बोलवू. विटा बदला, बस." न बोलवताच गेली ती. माझी सरूबाई गेली!

आन् आज पाटील म्हणतात, सरूबाईची घागर देवळात ठेवू, रोज फूल वाहू. बिलकुल न्हाई, पाटील! ती घागर घरीच राहील. सकाळीच मी तिच्यात नव्या विटा भरल्यात. नातू तिचंच पाणी पिऊन आलाय.

शेवटी उभं राहून गप्प राहायचं असतं म्हणं. सरूबाईसाठी गप्प राहू नका. तुमचं गप्प राहणं तिनं लई सोसलं. उठा, घरी जा, घागरी उपड्या करा, नव्या विटा फोडा. गल्लीगल्लीतून तो आवाज येऊ द्या. मी इथंच उभी राहून ऐकते. आवाज आला, की समजेन, गावानं तिला नमस्कार केला.