दोन्ही पानांवरची आजी

लॉस एंजेलिसच्या लाँड्रीत मशीन थांबायची वाट बघणाऱ्या दोमितिलाने शेजारच्या दोघींकडे कान लावले होते.

"लेखिकाबाईंनी आपल्याला तमालेचं दुकान काढून दिलं, ते उगाच नाही, एउफेमिया."

"का गं?"

"मक्याच्या पानात पिठाचे तमाले बांधताना आपण बोलतो, ते सगळं तिच्या दोन भाषांतल्या पुस्तकात जातं. स्पॅनिश पानावर 'बायका सांगतात' आणि समोरच्या इंग्रजी पानावर 'माझी आजी सांगायची'."

"तुला इंग्रजी कुठं येतं?"

"लेकीने वाचून दाखवलं. म्हणून काल बाईंना टीव्ही मालिकेतली गोष्ट माझ्या आजीची म्हणून ठोकून दिली."

दोमितिलाचं मशीन थांबलं. ती उठली नाही.

"मग? बाईंनी ओळखलं?"

"ढसाढसा रडली. म्हणाली, माझी आजी अगदी अशीच होती."