कोच बाईंच्या लेकीला फोन

मी मूळचा दापोलीकडचा, इब्राहिम नाव, रियाधला वीस वर्षं गाडी चालवतोय, नि गेली सहा वर्षं मुलींच्या एका शाळेतल्या कोच बाईंचा ड्रायव्हर आहे. बाई अमेरिकेची, काळी, सत्तरीला टेकलेली. काय सांगू तुम्हाला, अडथळ्यांच्या शर्यतीत देशाकडून धावलेली बाई ती! तिच्या गावात काळ्या पोरींना मैदानात पाय टाकू देत नव्हते, तर बापाने परसात खुर्च्या आडव्या टाकून दिल्या, त्यांवरून उड्या मारत शिकली, नि मग त्याच मैदानात पहिली काळी पोर म्हणून उतरली, लोक थुंकले तरी धावली. सिग्नलला गाडी थांबली की हे सगळं सांगायची, हसत हसत, माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण कळायचं.

मग पोटात कॅन्सर निघाला. हॉस्पिटलच्या फॉर्मवर घरचं माणूस कोण विचारलं तर बोलली, तुझंच नाव लिही. या अल्ला, मी कोण हो तिचा? लेक आहे तिकडे, दर शुक्रवारी फोन करते, नि ही केमो घेऊन आलेली, डोक्याला रुमाल बांधून गाडीत बसलेली, सांगते काय, तर मी मजेत आहे, पोरींना पळवतेय. मला वर दम, कुणाला बोललास तर याद राख.

आमच्या कोकणात गल्फवाल्याला असंच करतात बघा. नोकरी सोडून धावत येईल म्हणून वाईट काही कळवतच नाय. माझी अम्मी तीन महिने खाटेवर होती, नि मी फोन केला की सांगायचे, नमाजला बसलीय, आत्ताच झोपलीय. मला कळलं तेव्हा तिला दफन करून चार दिवस झाले होते. अजून जीव तुटतो माझा.

म्हणून मीच लेकीला फोन केला. एकदा बाईंच्या फोनची बॅटरी संपली तेव्हा माझ्या फोनवरून बोलली होती, तो नंबर होता.

बाई भडकली! दोन दिवस एक शब्द नाय, नुसतं यल्ला, चल. तिसऱ्या दिवशी लेक विमानातून उतरली, नि दोघी अशा गळ्यात पडल्या की मी तोंड फिरवून रडलो, खोटं कशाला सांगू.

डॉक्टर बोलतात, फार दिवस नाय. काल मागच्या सीटवर लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलेली, मला बोलली, माझी चोरी पकडलीस, आता तू रोज दुपारी इन्सुलिन टोचून घेतोस ते गावी बायकोला माहीत आहे का रे? वर बोलली, गाडी बाजूला घे, फोन लाव. लावला. बायको रडली, भांडली, मग हळूच बोलली, मीपण लपवलंय तुमच्यापासून, रमजानच्या आधी माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं. बाईंना हिंदीमराठी कळत नाय, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं, खांद्यावर हात ठेवला माझ्या. अल्लाने तिला दुखू देऊ नये, एवढंच मागतो.